‘मॅडम, साइटच नाही उघडून राहिली’: ग्रंथालयाच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात ग्रंथालयाच्या टेबलावर नव्यानं बसणारे सहायक, परिचर आणि कमवा व शिका योजनेतली मुलंमुली यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-घाटंजीच्या कापूसपट्ट्यात. टेबलावर पुस्तकांची चौकशी होते, पण त्याहून जास्त वेळ जातो तो न उघडणारी साइट, न येणारा ओटीपी, बिघडलेली अक्षरं आणि अडकलेली प्रिंट यांत. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला असतो, पण तो येईल तेव्हा येईल. मुलगी आत्ता समोर उभी आहे. तिचं काम बहुतेक वेळा पेचकस न उचलता होतं.

आधी गाडी विचारा

मुलगा येऊन म्हणतो, ‘मॅडम, साइटच नाही उघडून राहिली.’ लगेच कीबोर्डकडे धावू नका. काय काम करायचं आहे, त्याची शेवटची तारीख कोणती आणि तुझी गाडी कितीची आहे, एवढं विचारा. गाडीचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची), तांड्यावरची बरीच मुलं एसटीनं येतात. संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीला न्यायला घरून कुणाला तरी मोटारसायकल घेऊन यावं लागतं, आणि उद्या हिला कॉलेजात पाठवायचं की नाही, यावर घरात बोलणं होतं. म्हणून गाडीला अर्धा तास उरला असेल तर मशीन दुरुस्त करत बसू नका. शेजारच्या मशीनवर बसवा, नाहीतर स्वतःचं मशीन द्या आणि काम उरकून तिला पाठवा. बिघडलेलं मशीन ती गेल्यावर बघता येतं.

काम विचारल्याचा आणखी एक फायदा आहे. एक मुलगा ‘पीडीएफ उघडत नाही’ म्हणून बराच वेळ झटत होता. विचारलं तेव्हा कळलं, त्याला मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका हवी होती. ती बाइंडिंग करून आमच्या कपाटातच ठेवलेली होती.

मग त्याच्या शेजारी उभं राहा, पाठीमागे नको. माउस त्याच्याच हातात राहू द्या. आमच्या कित्येक मुलांनी फोन लहानपणापासून हाताळलेला असतो, पण माउस पहिल्यांदा हातात येतो तो इथे, आपल्या ग्रंथालयात. आपण झटपट क्लिक करून दिलं तर तो उद्या पुन्हा येईल. त्याच्या हातून एकदा झालं तर परवा तोच मित्राला शिकवेल. पडद्यावर जो संदेश आला असेल तो त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, इंग्रजीत अडखळला तरी चालेल. निम्म्या वेळा उत्तर त्या ओळीतच असतं आणि कुणी ती वाचलेली नसते.

साइट उघडत नाही

एकच साइट बंद आहे की सगळ्याच, हे आधी बघा. एकच बंद असेल तर तीच साइट फोनच्या डेटावर उघडून बघा. तिथेही नाही उघडली तर दोष साइटचा आहे. शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी हे हमखास होतं, आणि तेव्हा पुन्हा पुन्हा रिफ्रेश करण्यापेक्षा सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा भरायला सांगणं बरं. सगळ्याच मशीनांवर सगळ्याच साइट बंद, तर राउटर. त्याची पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नका. एकाच मशीनवर नेट बंद असेल तर मागची केबल टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. खुर्ची सरकवताना ती सैल होते.

इंटरनेट चालू आहे, पण प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येतो, हा प्रकार उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर फार दिसतो. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेलेली असेल. प्रत्येक सुरक्षित साइटला ठरावीक मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र असतं. मशीनच्या मते आज जुनं साल चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि ते अडवतं. तारीख, वेळ नीट करा, लगेच चालेल. पण मशीन बंद करून सुरू केल्यावर तारीख पुन्हा मागे गेली तर मदरबोर्डवरचा गोल बटण-सेल संपला आहे. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो. सेल बदलताना वीज पूर्ण बंद, पिन काढलेली. जमत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घ्या, पण तोवर ‘इशारा आला तरी पुढे जा’ असं मुलांना शिकवू नका. बँकेच्या साइटवरही ती तसंच करतील.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

मूल खोटं बोलत नसतं. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा सोडतो. ईमेल आयडी पूर्ण पुसून, एकेक अक्षर टाइप करायला लावा. पासवर्डच्या शेजारचा डोळा दाबून काय टाइप झालंय ते बघा. तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची: कीबोर्ड मराठीवर असला की आकडे १, २, ३ असे देवनागरीत पडतात. डोळ्याला आसन क्रमांक अगदी बरोबर दिसतो, पोर्टल मात्र ‘अवैध’ म्हणतं. फोनवर कीबोर्डची भाषा बदला. कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते.

एन-लिस्टचं लॉगिन चालत नसेल तर आणखी एक तपासायचं. ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं वाचायला देणारी ही सेवा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची आहे. कॉलेज तिची वर्षाची वर्गणी भरतं आणि वाचकाचं खातं कॉलेजनंच उघडून द्यायचं असतं. कित्येक मुलं कुठल्याशा भलत्याच पानावर स्वतः नोंदणी करायचा प्रयत्न करत बसतात. त्यांचं नाव आणि ईमेल लिहून घ्या, यादीत घाला, आणि मेल ‘स्पॅम’मध्येही शोधायला सांगा. संशोधन करणाऱ्यांना हे खातं नसलं तरी शोधगंगावरचे प्रबंध आणि खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुलं आहे. खातं मिळेपर्यंत तिथून सुरुवात करून द्या.

ओटीपी

ओटीपी न येणं ही बहुतेक वेळा मशीनची अडचण नसते, घरची असते. नंबर वडिलांचा असतो आणि ते वावरात असतात, जिथे रेंज नाही. किंवा नंबर भावाचा असतो आणि तो कामाला हैदराबादेत. किंवा रिचार्ज संपून इतके दिवस झालेले असतात की येणारे मेसेजही बंद. साध्या बटणाच्या फोनमध्ये मेसेजची जागा भरली की नवा मेसेज आत येतच नाही, जुने पुसावे लागतात.

म्हणून फॉर्म उघडायच्या आधीच विचारा: आधारला कुठला नंबर जोडलाय, त्याचे शेवटचे आकडे कोणते, तो फोन आत्ता कुणाजवळ आहे? आधी फोन लावायला सांगा. ‘पप्पा, थोड्या वेळात मेसेज येते, आकडे वाचून दाखवजा, झाडाखाली येऊन थांबा.’ मगच ‘ओटीपी पाठवा’ दाबा. साध्या फोनवर बोलता बोलता मेसेज वाचता येत नाही, फोन ठेवून वाचावा लागतो, मग परत लावायचा, आणि ओटीपी काही मिनिटंच चालतो. या गडबडीत मूल ‘पुन्हा पाठवा’ दोन-तीनदा दाबतं. तिथेच घोळ होतो. नवा ओटीपी निघाला की जुना रद्द होतो, आणि वडील हातात आलेला पहिलाच वाचून दाखवतात. एकदाच दाबा, थांबा, आणि दुसऱ्यांदा दाबावंच लागलं तर ‘सगळ्यांत शेवटी आलेला वाचा’ असं बजावून सांगा.

वडिलांना हेही मुलीच्या तोंडून कळू द्या की हे आकडे तिचा आवाज ओळखूनच तिला सांगायचे. ‘कॉलेजातून बोलतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या कुणालाही नाही, तुम्हालाही नाही. शिष्यवृत्तीच्या नावानं फसवणूक होते. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करायची, जितकी लवकर तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक आमच्या टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरात लावलेला आहे. तुम्हीही लावा.

दयेपोटी एक गोष्ट करू नका: मुलाच्या फॉर्मवर स्वतःचा मोबाइल नंबर टाकू नका. आजचं काम होईल. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली किंवा फोन बदलला की त्या मुलाचं खातं कायमचं अडकेल. आधारचा नंबर जुना असेल तर आधार केंद्रावर पाठवा आणि चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून द्या, म्हणजे घरच्यांना घाई समजते.

डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढताना किंवा अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा आकडी क्रमांक काढताना नाव जुळत नाही म्हणून अडतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा नाव आधी. गुणपत्रिका मागवताना नाव तिच्यावर छापलंय त्याच क्रमानं टाकायचं. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर तो ग्रंथालयातून सुटणार नाही. मुलाला कार्यालयात पाठवा, आणि सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स द्या, म्हणजे त्याला दोनदा खेटे घालावे लागत नाहीत.

फोटो ‘मोठा’ आहे म्हणून नाकारला जातो, तेव्हा बोलणं फाइलच्या आकाराचं, म्हणजे केबीचं चाललेलं असतं. फोनवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, आणि एक एमबी म्हणजे १०२४ केबी. आधी क्रॉप करून टेबल, भिंत, बोटं काढून टाका, मग पेंटमध्ये ‘रिसाइज’ करून टक्के कमी करा. आधार किंवा जातीचा दाखला कुठल्याही अनोळखी फुकट साइटवर ‘लहान करायला’ चढवू देऊ नका.

पुस्तक आहे, पण ओपॅकमध्ये सापडत नाही

ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची. ही अडचण मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण वाचक परत जातो आणि पुस्तक कपाटात पडून राहतं.

आमच्या जिल्ह्यात प्रकल्पासाठी शेतीचे विषय फार घेतले जातात. मुलगी ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ टाइप करते, उत्तर येतं शून्य. पुस्तकं मात्र तीन फूट अंतरावर आहेत. कारण आहे तो ‘ऱ्या’. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर मराठी लिहायच्या आजच्या पद्धतीत, हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि य, ही एक तऱ्हा. साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य, ही दुसरी. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. नोंद करणाऱ्यानं एका कीबोर्डवर केली आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलं की भेट होत नाही. वऱ्हाड, गुऱ्हाळ, कष्टकऱ्यांचे, सगळ्यांचं असंच. उपाय सोपा आहे: अडचणीचं अक्षर येण्याआधीच थांबा. नुसतं ‘शेतक’ टाका आणि ‘शब्दाचा भाग’ हा पर्याय निवडा.

जुन्या नोंदी इंग्रजी अक्षरांत असतील तर ‘ज्ञ’ असलेला शब्द कुणी डी-एन-वाय, कुणी जे-एन, कुणी जी-वाय असा लिहिलेला असतो. तिथेही ‘ज्ञ’ टाळून लेखकाच्या आडनावानं शोधा. काहीच चालेना तर वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेला आकडा: मराठी साहित्य ८९१.४६, कापसाची शेती ६३३.५१. तो आकडा टाकला की भाषा, स्पेलिंग, कीबोर्ड सगळं बाजूला राहतं आणि शेल्फावरचा शेजारही दिसतो. सापडल्यावर ती नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण तेच पुस्तक मागणारा पुढचा वाचक कदाचित तुम्हाला विचारणारच नाही.

टायपिंगवाल्याकडून आणलेली फाइल

प्रबंध किंवा प्रकल्प बाजारात टाइप करून आणला, इथे उघडला, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाइल बिघडलेली नसते, मुलाला आधी तेवढं सांगा, तो रडकुंडीला आलेला असतो. टायपिंग कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालेलं आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नुसती छापायची असेल तर टायपिंगवाल्याला फोन करून पीडीएफ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, त्यात फॉन्ट सोबत येतो. मजकूर बदलायचा असेल तर परिवर्तक (फॉन्ट कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणा, आणि मग रफार, ऱ्ह, श्र, जोडाक्षरं एकेक नजरेखालून घाला. परिवर्तक तिथेच चुकतो. नव्यानं टाइप करायला देणाऱ्या प्रत्येकाला ‘युनिकोडमध्येच करून मागा’ हे आधी सांगा.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शब्द सापडत नाही अशी तक्रार आली तर ते पान म्हणजे फोटो आहे. गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ केलं की मराठी मजकूरही बराचसा अक्षरांत उतरतो. उतारा देण्याआधी मूळ पानाशी ताडून बघा.

पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो

झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतो. त्यावर डबल क्लिक करायचं नाही, त्यानंच व्हायरस चालू होतो. वर ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. तरी दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा’ ही खूण काढा. खऱ्या फाइली बहुधा तिथेच, कधी नाव नसलेल्या फोल्डरमध्ये असतात. फक्त वर्ड, पीडीएफ, फोटो उचलून घ्या, अँटिव्हायरसनं तपासा, मग ड्राइव्ह फॉरमॅट करून फाइली परत द्या आणि त्या खुणा पूर्ववत करा. ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं विंडोजनं स्वतःहून विचारलं तर मात्र ‘कॅन्सल’. दुसऱ्या पोर्टात, दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा.

प्रिंटचं थोडक्यात. यादीत अडकलेलं काम आधी रद्द करा, प्रिंटर बंद करून सुरू करा, मग एकदाच प्रिंट द्या. मुलं दहा वेळा दाबतात आणि नंतर दहा प्रती निघतात. कागदाचा आकार ए-४ आहे का बघा. पावसाळ्यात रिमचं पाकीट उघडं ठेवू नका, ओल धरलेला कागद अडकतो.

लाइन गेली

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्याचा तापणारा रोलर एका झटक्यात इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो आणि सोबतची मशीनं बंद पडतात. यूपीएस टूं टूं करू लागला की मुलांना आधी फॉर्म ‘सेव्ह’ करायला सांगा, मिनिटं हाताशी थोडीच असतात.

एप्रिल-मे महिन्यात मशीन आपोआप बंद होत असेल तर व्हायरस शोधण्याआधी पंखा बघा. जिनिंगच्या आसपास कापसाचा बारीक तंतू हवेत असतो, तो सीपीयूच्या पंख्यावर आणि जाळीवर थर धरतो. वर पारा पंचेचाळीस. प्रोसेसर ठरावीक तापमानाला स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. सुट्टी लागण्याआधी आणि संपल्यावर ब्लोअरनं साफ करून घ्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीचं अंगठ्याचं यंत्र काही मुलामुलींचे ठसे घेत नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली असतात. प्रवेशाच्या वेळीच दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवून ठेवा, आणि बोटं बरी होईपर्यंत रजिस्टरवर सही घ्या. रांगेत उभं करून पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावू नका, बाकीची मुलं बघत असतात.

जून लागला की संध्याकाळी बटण बंद करून भागत नाही. पिना आणि लॅनची केबलही काढा, विजेचा दणका त्या तारेतूनही येतो.

कुलूप लावण्याआधी

प्रत्येक मशीनचा ब्राउजर उघडून बघा. कुणाचं डिजिलॉकर, कुणाचं व्हॉट्सॲप, कुणाचा मेल उघडाच राहिलेला असतो. न वाचता बाहेर पडा. ‘पासवर्ड जतन करू का’ हा प्रश्न सेटिंगमधूनच बंद करा, आणि मुलांना क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून खासगी खिडकीत काम करायची सवय लावा. व्हॉट्सॲप राहिलंच तर फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून काढता येतं.

मग रजिस्टर. मशीनचा क्रमांक, संदेश जसाच्या तसा, काय केलं, चाललं की नाही. दुरुस्तीवाला आला की ‘चालत नाही’ एवढंच सांगण्याऐवजी हे पान पुढे करा, त्याचा वेळ वाचतो आणि कॉलेजचा पैसाही. शेवटच्या रकान्यात ज्यांचा फॉर्म अर्धा राहिला त्यांचं नाव, फोन आणि शेवटची तारीख लिहायची. पासवर्ड कधीही लिहायचा नाही. सकाळी कुलूप उघडल्यावर पहिला फोन त्या रकान्यातल्या मुलांना करा, एसटी निघायच्या आधी, म्हणजे राहिलेला कागद ती घरूनच घेऊन निघतील.